झडप

ब्रेमरहाफेनच्या बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर
विब्के हार्म्स दार उघडतात
आणि मी काही विचारायच्या आत सांगतात,
मासळीचा नाही हा वास.
मासळीचा मला कळतो.
चाळीस वर्षं तो या टेबलाशी जेवायला बसायचा.

हा वेगळा.
बादलीत विसरलेल्या फडक्याचा,
फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा,
धुतलेल्या टॉवेलानं तोंड पुसताना
नेमका नाकाशी येणारा.
टॉवेल स्वच्छ आहे हो, त्या म्हणतात,
नुसता दिसायला.

मी गुडघे टेकतो.
चर्चमध्ये टेकले नसतील इतक्यांदा
मी मशीनसमोर टेकलेत.
गोल दाराच्या कडेचं रबर, त्याची घडी
बोटानं उलटी करतो:
आत काळी मखमल.
किती दिवसांची, ते विचारायचं नसतं.
पाणी जिथं थांबतं
तिथं कोणीतरी राहायला येतंच.

तीस डिग्रीवर धुता?
हो. वीज वाचते.
आणि सुगंधी द्रव?
दोन झाकणं. वास येतो म्हणून.
वासावर वास, मी म्हणतो, आणि मध्ये साय.
खण ओढून दाखवतो तर खरोखर साय,
निळसर, बुळबुळीत.
त्या मान फिरवतात,
जणू मी त्यांचं कपाट उघडलंय.

मग खालची चिमुकली झडप.
पसरट ताट सरकवून गाळणी फिरवतो.
आधी पाणी,
करडं, जुनं, कुणाच्या तरी बाह्यांमधलं.
मग ऐवज:
शर्टाचं बटण,
काडेपेटीच्या दोन काड्या,
तीन फेनिग, आता कुठल्याच दुकानात न चालणारे,
आणि हिरव्या जाळ्याची बोटभर दोरी, गाठ मारलेली.

गाठ त्या उचलतात.
खिसे तपासून टाक म्हटलं
तर फोल्कर्टला राग यायचा, म्हणतात.
बटण घेत नाहीत.
पैसेही नाही.

नव्वद डिग्री. मशीन रिकामी.
द्रव नको, पांढरी पावडर.
दोन तास.
आम्ही कॉफी घेत काचेकडे बघत बसतो.
आत काहीच नाही,
नुसता फेस आदळतोय,
आणि विब्केबाई मात्र
कुणी ओळखीचं दिसेल अशा बघतात.

शेवटचा सल्ला मी निघताना देतो,
तो फुकट असतो, म्हणून कोणी पाळत नाही:
धुणं झालं की दार उघडं ठेवा.

कप खाली ठेवला जातो.
उघडं?

फोल्कर्ट ट्रॉलरवर इंजिनखोलीत होता.
मागची झडप लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही,
पोराला आधी हे शिकवतात, मग काम.
एका रात्री ग्रीनलंडच्या बाजूला कुणाकडून तरी राहिली.
कुणाकडून, ते त्यानं कधी सांगितलं नाही.
घरी आल्यावर झोपायच्या आधी फेरी असायची:
कपाटं, ओव्हन, पावाचा डबा,
आणि ही गोल काच, अंगठ्यानं दाबून.
तो गेला, फेरी माझ्याकडे आली.
रोज लावते.
ओलं आत, दार घट्ट.

माझ्या पुस्तिकेत यावर काही लिहिलेलं नाही.
पूर्ण नको, मी म्हणतो. बोटभर.
त्या उभ्या राहतात, इकडे तिकडे पाहतात,
माझं बिल चार घड्या करून
दाराच्या फटीत खोचतात.
मग हात मागे घेतात,
भाजल्यासारखा.

तीन आठवड्यांनी फोन.
टॉवेलाला आता कशाचाच वास येत नाही, म्हणतात.
कशाचाच नाही,
हे त्या दोनदा सांगतात,
आणि दुसऱ्यांदा आवाज जरा खाली येतो.
रात्री उठते मी.
स्वयंपाकघरात दिवा न लावता जाते.
झडप उघडीच असते.
पाय टेकवून बघते.
फरशी कोरडी.

बिल अजून दारातच आहे.
मी मागत नाही.